वतनाचा अरबी अर्थ

फेब्रुवारी लागला की ओमानमधल्या अमेरात या उपनगरातल्या आमच्या इमारतीत पाठांतराचे आवाज सुरू होतात. खिडक्या उघड्या ठेवण्याचे हे शेवटचे दिवस. एप्रिलच्या तोंडावर एसी लागतात आणि प्रत्येक घर आपापल्या आवाजासकट बंद होऊन जातं. तोवर वरच्या मजल्यावरचा मुलगा रसायनांची नावं घोकत असतो, समोरच्या दारातली मुलगी इतिहासाची उत्तरं म्हणते आणि तिची आई मध्येच तमिळमधून तिच्यावर ओरडते. यंदा आमच्या घरातून मात्र काही ऐकू जात नाही. मैत्री, माझी मुलगी, दहावीला आहे आणि मनातल्या मनात वाचते. मला ती शांतता सोसत नाही. मी काकडी कापून तिच्या टेबलावर ठेवून येते, थोड्या वेळाने ती खाल्ली का ते बघायला जाते आणि "मम्मा, प्लीज" एवढं ऐकून परत येते.

काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे, असं मिलिंद म्हणतो. नवऱ्याला एवढं तरी कळायला हवं की तोच मुख्य धंदा आहे. रुवीतल्या ऑफिसात मी बसते तो जोडधंदा. आभाळ आलं की मला वादी अदाईचा रस्ता दिसायला लागतो. डोंगरात कुठेतरी पाऊस पडतो, इकडे ऊन असतं, आणि बघता बघता वादीतून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून, लाल पाणी येऊन रस्ता बंद होतो. परीक्षेच्या सकाळी तसं झालं तर? ह्या "तर"वर माझा दिवस चालतो.

पण गेल्या वर्षीचा फेब्रुवारी वेगळा होता. त्याची काळजी आभाळातून आलेली नव्हती. तेव्हा मैत्री नववीला होती आणि आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच घोष चालू असे. "वतनी, वतनी."

तिने दुसरी भाषा म्हणून अरबी घेतली आहे. तोंडी परीक्षेला एका विषयावर उभं राहून बोलायचं होतं आणि तिच्या वाट्याला आला होता "माझा देश". अरबीत वतन म्हणजे देश, मायभूमी. वतनी म्हणजे माझा देश. राष्ट्रीय दिनाच्या आसपास इथे रस्त्यावर, दुकानांच्या पाट्यांवर, गाड्यांच्या काचांवर तोच शब्द असतो. मला तो इतका सवयीचा झाला होता की त्यात मराठी काही आहे हे माझ्या कानांना कधी जाणवलंच नाही.

जाणवलं ते आबांना. आबा म्हणजे मिलिंदचे वडील. पंच्याऐंशी ओलांडलेले. थंडीपुरते आमच्याकडे आले होते. ते दिवाणखान्यात सोफ्याच्या अगदी कडेला बसत, जणू कुणी येऊन उठवील. समोर खजुराची ताटली. मैत्री येरझाऱ्या घालत "वतनी, वतनी" म्हणत होती आणि आबांचा खजूर तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"ए पोरी, कुणाचं वतन?"

"माझं, आबा."

"तुला कुणी दिलं?"

"स्कूलने दिलंय."

आबांनी खजूर परत ताटलीत ठेवला. "परत कर," म्हणाले.

आम्ही हसलो. मिलिंदही हसला. आबा हसले नाहीत. ते उठून बाल्कनीत गेले आणि समोरच्या बोडक्या डोंगरांकडे पाहत उभे राहिले. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती.

मी कल्याणची. आमच्या घरात बाबासाहेब होते, बुद्धवंदना होती, शिका शिका म्हणून धोशा होता, गाव नव्हतं. गावाचं नाव काढलं की आई विषय बदलायची. त्यामुळे वतन हा शब्द मला सरकारी कागदातल्यासारखा माहीत होता, एवढंच. आबांच्या अंगावर तो अजून काटा आणत होता. त्यांच्या वडलांकडे वतन होतं. म्हणजे गावकुसाबाहेरचा जमिनीचा एक उंचसखल तुकडा, आणि त्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी. वेस राखायची, सांगावे पोचवायचे, सरकारी ओझी वाहायची, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं. दिवस नाही, रात्र नाही. जमीन सोडता येत नाही, कारण पोट; आणि चाकरी सोडता येत नाही, कारण जमीन. आबांच्या तोंडी त्याला एकच शब्द होता, वेठ.

त्यांचं गाव घाटावरच्या एका संस्थानात होतं. इंग्रज होते, पण लांब. डोक्यावर राजा. हे सगळं आबा एका बैठकीत सांगतील तर ते आबा कसले? ते तुकडे टाकत. संध्याकाळी बाल्कनीत मी कपडे काढायला गेले की एक तुकडा. मैत्री दूध प्यायला बसली की दुसरा. मिलिंद ऑफिसातून येऊन बूट काढत असताना तिसरा. मिलिंदने यातलं निम्मं कधी ऐकलेलं नव्हतं. बूट हातात धरून तो तसाच उभा राहायचा.

"हितं गवत उगवत न्हाई," आबा डोंगराकडे बोट करून म्हणाले, "बरं हाय. गवत न्हाई तर डुक्कर न्हाई, डुक्कर न्हाई तर शिकार न्हाई."

राजाला शिकारीचा नाद होता. त्यासाठी रान राखलेलं. रानातली डुकरं ज्वारीत उतरत आणि रातोरात शेत लोळवून जात. डुकराला धोंडा मारला तरी शिक्षा. कारण डुक्कर राजाचं. वर शिकारीचा लवाजमा यायचा तो नेमका सुगीत. तेव्हा घराघरातला माणूस हाकारा घालायला, तंबू वाहायला, लाकडं फोडायला न्यायचे. ज्याचं कणीस शेतात पिकून गळायला आलंय त्याने राजासाठी रानात डबे बडवत फिरायचं. त्यात त्या वर्षी सारा वाढवला.

मग गावांनी ठरवलं, कापायचंच नाही. वेठ बंद होत नाही आणि सारा कमी होत नाही तोवर ज्वारीला विळा लावायचा नाही. खळ्यावर धान्य आलं तरच संस्थानाचा वाटा. शेतातच राहिलं तर राजा काय, ताटं मोजणार?

ऐकायला सोपं वाटतं. आबा तेव्हा मैत्रीहून बरेच लहान होते, आणि त्यांना लढा असा आठवतच नाही. त्यांना आठवते ती उभी ज्वारी. कणसं भरून वाकलेली, पांढरी फटक. वारा सुटला की तिचा कोरडा सळसळाट. बाया बांधावर बसून नुसत्या बघायच्या. पाखरांचे थवे उतरायचे आणि त्यांना हाकलायचं की नाही हे कुणालाच कळेना, कारण राखायचं ते कुणासाठी? रोज थोडं थोडं गळत होतं. आबा हे सांगताना तळहात पालथा करत आणि बोटं हलवत, गळणारे दाणे दाखवत. मला ते बघवत नसे. हाताशी आलेलं पीक डोळ्यांदेखत जाताना बघत राहायचं, आणि आपण हललो तर सगळी गावं हरतील म्हणून हलायचं नाही. काळजीतली मी मोठी जाणकार, पण एवढी काळजी माझ्याच्याने झाली नसती.

गावागावांत निरोप कोण नेणार? चावडीत संस्थानाचे शिपाई बसलेले. शेतकरी वेशीबाहेर पडला की धरत. पण आबांच्या वडलांना कुणी अडवत नसे. हुकूम पोचवणं हे त्यांचं वतनाचं कामच होतं. हातात घुंगरांची काठी, काखेत राजाचा हुकूम. पुढच्या गावच्या पाटलासमोर हुकूम ठेवायचा आणि परत निघताना वेशीतल्या माणसाला नुसतं विचारायचं, "काय?" तो म्हणायचा, "उभं हाय." मग हे म्हणायचे, "आमचंबी उभं हाय." एवढाच निरोप. तो ऐकला की त्या गावाला आणखी चार दिवस धीर यायचा.

शेवटी कुणीतरी हे गुपित फोडलं. कारभाऱ्याने आबांच्या वडलांना चावडीसमोर उभं केलं. नावं सांग, नाहीतर वतन जाईल. आबा गर्दीत आईच्या लुगड्याला धरून उभे होते. त्यांनी पाहिलं, वडलांनी काठी जमिनीवर ठेवली. टाकली नाही, नीट वाकून ठेवली. घुंगरं वाजू नयेत अशी. आणि म्हणाले, "हे तुमचं वतन."

"मग?" मैत्रीने विचारलं.

"मग मारलं," आबा म्हणाले, आणि दुधाच्या रिकाम्या पेल्याकडे बघून, "आनखी दूध घे."

लढा गावांनी जिंकला, म्हणजे अर्धामुर्धा जिंकला. शिकारीची वेठ बंद झाली, साऱ्यात सूट मिळाली. उरलंसुरलं पीक कापलं गेलं, खळी भरली. खळ्यावर ज्याचं त्याचं बलुतं वाटलं गेलं. आबांच्या घराला कुणी बोलावलं नाही. वतन सोडलेल्याला बलुतं कशाचं? ज्यांच्यासाठी निरोप नेले त्यांच्यातल्याच एकाच्या भावकीने तो उंचसखल तुकडा पुढे नांगरला. सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन हे लोक नदीपलीकडे खालसा मुलखात, इंग्रजांच्या हद्दीत गेले आणि रस्त्याची खडी फोडू लागले. आबा सांगत की त्यांची आई तिथे खूप आजारी पडली, पण पहिल्या मजुरीच्या दिवशी वडील रस्त्यात उभे राहून मोठ्याने हसले होते. तसं हसताना त्यांनी वडलांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

हे सगळं मैत्रीने ऐकलं आणि जाहीर केलं, "मी हेच बोलणार. एग्झाममध्ये."

मी आधी बाल्कनीचं दार लावून घेतलं.

इथे एक सांगायला हवं. ओमानने आम्हाला कधी वाकडा शब्द ऐकवलेला नाही. शेजारी ओमानी कुटुंब आहे, त्यांच्याकडून सणाला ताट येतं, आमच्याकडून करंज्या जातात. पण परमुलखात राहणाऱ्याच्या मनात एक न लिहिलेली नियमावली असते आणि ती त्याने स्वतःच केलेली असते. राज्य कुणाचं, राजा कोण, बंड कशाला म्हणतात, या वाटेला जायचं नाही. त्यात मिलिंदचा करार संपत आला होता. नवा करार तयार होता, फक्त वरच्या सहीसाठी अडकला होता. सही झाली नाही तर सामान बांधायचं, आणि मैत्रीची दहावी तर तोंडावर. बोर्डाचं नाव नववीतच नोंदवून झालेलं. कल्याणला कुठली शाळा तिला मध्येच घेणार होती? अशा वेळी माझी मुलगी परीक्षकासमोर उभी राहून, अरबीतून, एका राजाविरुद्धच्या बंडाची गोष्ट सांगणार होती. मिलिंद म्हणाला, "अगं, कुठला राजा, कुठलं साल, त्यांना काय पडलंय?" पण त्यानेही आवाज खाली आणूनच म्हटलं.

मग एका सकाळी अरबीच्या सलमा मिसचा मेसेज आला. मैत्रीच्या भाषणाबद्दल बोलायचं आहे, आज भेटाल का? बस, एवढंच. खाली हसरा चेहरा नाही, काही नाही. तो दिवस मी कसा काढला ते मला माहीत. चहा दोनदा गार झाला. कुणी केबिनचं दार उघडलं की मला वाटे, आलं. दुपारी गाडी चालवताना मी मनातल्या मनात हिंदीत वाक्यं जुळवत होते. बच्ची है, गलती हो गई.

सलमा मिस केरळच्या. बारीक आवाज, कपाळावर आठी. त्यांनी मैत्रीचं भाषण माझ्यासमोर ठेवलं, जसं काही मला ते वाचता येणार होतं.

"मैडम, बुरा मत मानिए. इसने लिखा है, मेरे परदादा ने अपना वतन राजा के पैरों में रख दिया और चले गए. और ये खुश होकर लिखा है. वतन कोई छोड़ता है क्या? एग्झामिनर बोलेगा, ये तो गद्दार की कहानी है."

मला हसावं की रडावं कळेना. पोरीने आबांचा शब्द जसाच्या तसा उचलून अरबीत ठेवला होता. शब्द तोच, अरबीतूनच कधीतरी आमच्याकडे आलेला. पण आमच्याकडे येता येता मायभूमीची वेठ झाली होती. मी माझ्या मोडक्या हिंदीत समजावलं. जमीन, पण जमिनीबरोबर काम. काम, पण पैसे नाहीत. नाही म्हणता येत नाही. बापानंतर मुलाने करायचं.

"अच्छा," मिसची आठी गेली. "सुख्रा!" त्यांनी कागदावर लिहिलं. जबरदस्तीने फुकट करून घेतलेलं काम, त्याला अरबीत सुख्रा म्हणतात. मग शिक्षकी उत्साहाने सांगू लागल्या की याच धातूवरून मस्खरा होतो, थट्टा होते. म्हणजे आमची मस्करी. घरी आल्यावर मी हे आबांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. "बरुबर हाय. राबवून घ्यायचं आन वर हसायचं. ज्यानं शब्द केला त्याला ठावं असनार."

पण ते नंतर. मिसनी वतन खोडून सुख्रा लिहिलं आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. राजाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. तिथेच मी उठायला हवं होतं असं मिलिंद म्हणतो. मला नाही तसं वाटत. मी विचारलं, "मिस, वो राजा का वर्ड... निकाल सकते हैं?"

"क्यों?"

माझं लक्ष भिंतीवरच्या सुलतानांच्या तसबिरीकडे गेलं आणि मिसचं माझ्याकडे. त्यांनी भाषणाचा कागद माझ्याकडे सरकवला. "जैसा आप चाहें," म्हणाल्या.

घरी मी मैत्रीला बसवलं. "राजा म्हणायचं नाही."

"मलिक लिहिलंय. मलिक म्हणजे किंग."

"मलिक नको. सुलतान तर नकोच नको. आणि बंड, क्रांती असलं काही नको."

"मग ते काठी कुणाला देतात, मम्मा? हवेला?"

"कुणीतरी मोठा माणूस म्हण."

 आबा सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होते.  मैत्रीने कागद घेतला आणि खोलीचं दार लावून घेतलं. नंतर आतून तिचा आवाज येत राहिला, पण आता "वतनी, वतनी" नव्हतं. तिचा स्वर हळूहळू वेगळा होत होता, एखादं वाक्य ती पुनःपुन्हा म्हणून बघत होती.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण वादी कोरडी राहिली. तोंडी परीक्षेला बाहेरून एक ओमानी सर येणार होते. मी रजा टाकून शाळेच्या फाटकाशी गाडीत बसून होते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यावरून मी आमच्या कराराचा निकाल वाचत होते. मैत्री आली ती मैत्रिणीशी इंग्रजीत हसत-खिदळत, मला बघून हसू आवरत.

"झालं?"

"झालं. मस्त झालं."

"काय बोललीस?"

"सगळं. ज्वारीचं, डुकरांचं, काठीचं."

"आणि राजा? म्हणाली नाहीस ना?"

"तू नको म्हणालीस ना? मग मोठा माणूस म्हणायला मला वर्डच आठवेना. मी अर्बाब म्हटलं."

मी गाडी सुरू केली होती ती बंद केली. अर्बाब. बांधकामावरचा मजूर, दुकानातला हमाल, गाडी धुणारा, सगळे ज्याच्या नावे इथे राहतात त्याला म्हणतात तो शब्द. मालक, ज्याच्या हातात तुमचं इथलं राहणं असतं. राजा तरी परवडला असता. माझ्या मुलीने माझंच ऐकून सांगितलं होतं की तिच्या पणजोबांनी फुकट राबायला नकार दिला आणि काठी अर्बाबच्या पायाशी ठेवली.

"सर काय म्हणाले?"

"आधी हसले. मग हसायचे थांबले. मग विचारलं, अर्बाबने काय केलं? मी म्हटलं, मारलं. मग म्हणाले, खलास."

"खलास म्हणजे कसं खलास? रागाने?"

"मम्मा, खलास म्हणजे खलास. बस कर, झालं. आणि पेनला टोपण लावलं."

वादी अदाईच्या घाटातून घरी येईपर्यंत मी ते खलास सगळ्या स्वरांत म्हणून बघितलं. दमलेल्या माणसाचं खलास, चिडलेल्याचं, आणखी ऐकवेना म्हणून थांबवणाऱ्याचं. कुठलं ते आजही ठरत नाही. गुण चांगले पडले. करारावरची सहीही पुढे झाली, नेहमीसारखी उशिरा, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असण्याचं कारण नव्हतं. आबा मार्चमध्ये परत गेले. ते जाईपर्यंत तोंडी परीक्षेचा विषय मैत्रीने फोनवर प्रत्येक मावशीला सांगितला, आणि प्रत्येक वेळी मी तिथून उठून गेले.

पण त्या दिवशी सही झालेली नव्हती. रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो तेव्हा मैत्रीने पुन्हा सगळं सांगितलं, अरबी वाक्यांसकट. मिलिंदचा चेहरा "अर्बाब"ला उतरला. आबा मन लावून ऐकत होते.

"अर्बाब म्हंजी?"

"बॉस, आबा. म्हणजे ते पप्पांचे आहेत ना? ज्यांची साइन पाहिजे आपल्याला."

आबांनी मुलाकडे पाहिलं. "फुकट राबवतो का रं तुला?"

"नाही, आबा. पगार देतात. वेळेवर देतात."

"मारतो?"

"काहीतरीच काय! चांगला माणूस आहे. ईदला घरी जेवायला बोलावतो."

आबांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मग सूनबाई, आपन भ्यायलोय कुनाला?"

मी पोळ्या आणायला उठले. आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. पोळ्या केव्हाच्या टेबलावर होत्या.